साळुंकीचा श्वास

“वाद्याला नाक नसतं गं पोरी. त्याच्या वाटचा श्वास आपण घ्यायचा. तू घेतलास की ते जागं होतं.”

हा आवाज बाईंनी ऐकला तेव्हा त्या कुणाच्या बाई नव्हत्या. गुडघे खरचटलेली, दोन वेण्या घातलेली, अंगापेक्षा वाद्य मोठं अशी एक पोर होती ती. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे आणि भिंतीशी बोलावं तसं बोलायचे. त्यांचा चेहरा आता बाईंना आठवत नाही. मिशी होती की नव्हती, कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. माणूस विरघळला, आवाज उरला. सकाळी खोलीचं कुलूप उघडताना किल्ली अडकून बसली की कधीकधी तो कानाशी येई, आणि बाई मनातल्या मनात म्हणत, हो मास्तर, घेते.

बाईंची खोली संगीत विद्यालयाच्या वरच्या मजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला होती. इथला सूर शेजारी सांडू नये म्हणून दाराला आतून जाड गादी ठोकलेली. दार लागलं की कानात कापूस कोंबल्यासारखं होई. दोन खुर्च्या, दोन स्टँड, एक उभा आरसा, आणि मागच्या इमारतीचा लोखंडी जिना दिसेल अशी एक खिडकी. या एवढ्याशा जागेत व्हायोला शिकवण्यात बाईंचा उभा जन्म गेला होता. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने भरलेली, आवाजाने जाड, आणि घरोघरच्या थोरलीसारखीच: राबायचं हिने, आणि नवाजायचं दुसरीला.

पदवीच्या मुलांना इथे दोन तऱ्हांनी शिकवत. एक तास एकास एक: एक शिक्षक, एक विद्यार्थी, बंद दार. दुसरा तास मेळाचा: तिघाचौघांनी गोल बसायचं आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाजवायचं. मुलं म्हणत, बाईंच्या खोलीत झाकून शिकायचं आणि मेळाच्या खोलीत उघडं पडायचं. एकास एक शिकवणाऱ्याने मेळाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा एक न लिहिलेला दंडक होता. लेक दिली की सासरच्या चुलीत आईने फुंकर घालू नये, तसा. बाईंनी तो कधी मोडला नव्हता.

साळुंकी या खोलीत आली ती बडबडतच. नाव तिचं दुसरंच होतं, पण ते हजेरीपुरतं. जिना चढताना बोले, पेटी उघडताना बोले, गजाला राळ चोळताना त्या राळेशीही दोन शब्द बोले. फक्त वाजवायला वाद्य खांद्यावर घेतलं की गप्प. आणि मग सूर उमटायच्या आधी एक श्वास. सुईत दोरा ओवताना माणूस घेतं ना, तसा: छोटासा, नाकातून, शेवटाला किंचित अडलेला. मेळात ती मधल्या खुर्चीवर बसे, आणि तिच्या त्या श्वासावर तिचे तिघे सोबती सुरात असे उठत, जसा एखादा थवा तारेवरून उठावा. कोण आधी, कोण मागून, कळायचं नाही.

ती उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेली, तापाने फणफणली, आणि सुट्टी संपायच्या आत संपली. बाईंना कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. शेवटचं तोंड बघणंही झालं नाही. त्यामुळे असं झालं, की बाईंच्या लेखी साळुंकी गेली नव्हती. जिन्यातच कुठेतरी कुणाशी तरी बोलत उभी राहिली होती आणि तासाला उशीर करत होती.

*श्वास गेला, सूर गेला, खुर्ची राहिली जागची,*
*कुणी बसावं तीवरी, ऊब अजून आधीची.*

बसायला आली धाकटी. हे नाव त्या तिघांनी ठेवलेलं. वयाने, उंचीने, आवाजाने, सगळ्यानेच ती लहान. लहान गावातून आलेली, कोपरे अंगाशी धरून चालणारी, विचारलं तेवढंच बोलणारी. साळुंकीची जागा रिकामी झाली म्हणून तिला वर्षाच्या मध्यावर घेतलं होतं, आणि वर्षअखेरीस मेळाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली तरच ती जागा तिची, असं ठरलं होतं.

पहिल्याच तासाला बाईंनी सवयीप्रमाणे डोळे मिटले. वाद्य ऐकायचं तर वाजवणाऱ्याचा चेहरा मधे नको, असं त्यांचं मत. धाकटीने गज उचलल्याची चाहूल लागली. आणि मग तो आला. छोटासा. नाकातून. शेवटाला अडलेला. अगदी जवळून.

पाठोपाठ सूर लागला तो असा भरीव, असा वेळेवर, की बाईंनी डोळे उघडले. धाकटी मान तिरकी करून वाजवत होती. बाईंनी खिडकीकडे पाहिलं. लोखंडी जिना रिकामा होता.

त्यांनी कुणालाच विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणालं कुणी, तर?

भूत म्हणावं तर भीती वाटायला हवी. बाईंना वाटे ती हुरहुर. गावाला गेलेल्या माणसाच्या पायरवाची वाट बघावी, तशी. दर तासाला डोळे मिटले, गज उचलला गेला, की तो श्वास येई. न चुकता. बाई खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवू लागल्या. तिच्यावर आपली शाल टाकण्याचं त्यांनी सोडलं. आणि एक सवय त्यांना नकळत जडली. धाकटी चार ओळी वाजवून पुढे निघाली की त्या थांबवत.

“पुन्हा. पहिल्यापासून.”

“चुकलं का, बाई?”

“नाही. पुन्हा घे.”

पुन्हा गज वर. पुन्हा तो श्वास. धाकटीचे कितीतरी तास असे नुसत्या सुरुवातींत गेले. पुढचं तिने घरी, स्वतःच्या हिमतीवर बसवलं.

आणि एक दिवस चौकडीचे सर गादीचं दार ढकलून आत डोकावले. विद्यालयात चौघांच्या मेळाला चौकडी म्हणत, आणि या सरांकडे अशा पाच-सहा चौकड्या होत्या. गोल माणूस, कानावर कायम पेन्सिल, आणि ती कुठे गेली म्हणून कायम शोधाशोध.

“बाई, राग मानू नका. पण तुमची धाकटी उशिरा येते.”

“तासाला?”

“तासाला येते घड्याळ लावून घ्यावं अशी. सुराला उशिरा येते. परीक्षेच्या रचनेतल्या संथ भागाची सुरुवात तिच्याकडे आहे. इशारा तिने द्यायचा, तिघांनी तिच्याबरोबर उठायचं. तर ते तिघे निघून जातात आणि ही मागून. वरातीमागून घोडं!”

“माझ्याकडे तर केसाचा फरक पडत नाही.”

“सगळ्यांच्या आया असंच म्हणतात हो.” सर हसले, मग हसू आवरून खुर्चीवर टेकले. नेमके खिडकीजवळच्या. बाई अर्ध्या उठल्या. “शनिवारी परीक्षा. परीक्षकांना बाकी काही कळो न कळो, चौघे एकत्र उठले नाहीत हे पहिल्या फटक्यात कळतं. पोर गुणी आहे, मला दिसतंय. पण ही बुडाली तर तिघांना घेऊन बुडेल. वरच्या वर्गातला एकजण वाजवायला तयार आहे. शुक्रवारच्या तालमीपर्यंत बघतो. नाही जमलं तर त्याला बसवतो.”

“आणि हिचं काय?”

सरांनी कान चाचपला, पेन्सिल सापडली, आणि ते उठले.

त्या दिवशीच्या तासाला बाईंनी धाकटीला समोर बसवलं.

“मेळात काय होतं तुला?”

धाकटीने गजाची कळ पिळली, सैल केली, पुन्हा पिळली. “उशीर होतो, बाई.”

“इथे होत नाही तो?”

“इथे...” ती थांबली. तिने बाईंकडे पाहिलं, मग त्या पुसून लख्ख केलेल्या खुर्चीकडे पाहिलं. “बाई, एक बोलू का?”

“बोल की.”

बाहेर बोळातून कुणीतरी बासरीची पेटी आपटत गेलं. तो आवाज दूर जाईपर्यंत ती तोंड अर्धवट उघडं ठेवून बसली.

“काही नाही,” ती म्हणाली. “वाजवू?”

“वाजव.”

बाईंनी डोळे मिटले. श्वास आला. सूर लागला, नेमका, जिथे लागायचा तिथे. बाईंना वाटलं, साळुंकी या पोरीला हात देते आहे. मग मेळाच्या खोलीत का देत नाही? तिथे तर तिचे सोबती आहेत. तिथे वाट चुकते की काय?

घरी बाई, त्यांचा भाऊ आणि वहिनी अशी तिघं. भाऊ एका कानाने बहिरा, दुसऱ्याने सोयीपुरता. संध्याकाळी ओट्याशी वहिनी मटार सोलत होत्या, बाई त्यांच्यासमोर बसून सोललेल्या शेंगा पुन्हा सोलत होत्या.

“वन्सं, त्यात आता काही नाही. किती वेळा उघडून बघाल?”

“वहिनी, गेलेलं माणूस परत येतं का हो?”

“कुणाचं विचारताय? माझ्या सासूबाई तर गेल्याच नाहीत अजून. काल भाजीत मीठ जास्त पडलं, तर मागून ‘हं’ असं स्पष्ट ऐकू आलं.”

बाईंना हसू फुटलं. “आई तशीच होती.”

“होती कसली? आहे.” वहिनींनी अंगठ्याने शेंग फोडली. “तुमची ती साळुंकी येते ना?”

बाई दचकल्या. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? वर्षभर रडला नाहीत. रडलेलं माणूस निदान नाक पुसून मोकळं होतं. तुम्ही आपल्या रोज सकाळी केस नीट विंचरून निघता, पाहुणे यायचे असल्यासारख्या.”

“येते,” बाई हळू म्हणाल्या. “नवी मुलगी गज उचलते, आणि ती श्वास घेते. मी ऐकते रोज.”

वहिनींनी यावर ना चेष्टा केली ना नवल. दाणे भांड्यात टपटप पडत राहिले. मग म्हणाल्या, “येते तर येऊ दे. मेलेल्याला कोण अडवणार? पण जिवंत पोरीचं ताट तेवढं वेगळं वाढा हो. एका ताटात दोघींना बसवलंत तर लाजरी उपाशी राहते.”

“काय म्हणतेस गं?” आतून भावाने ओरडून विचारलं.

“काही नाही! तुमच्या बहिणीला भूत लागलंय आणि तुम्हाला भूक!”

शुक्रवारी दुपारी बाई तो लांब बोळ उलट्या दिशेने चालल्या. मेळाची खोली खालच्या मजल्यावर होती. दाराला मधोमध काचेची उभी पट्टी. आपण चोर आहोत असं वाटून त्यांनी आधी पदर सावरला, मग काचेला डोळा लावला.

अर्धचंद्रात चार खुर्च्या. डावीकडे ‘पहिली’: पहिलं व्हायोलिन वाजवणारी म्हणून पहिली, आणि चहाच्या रांगेतही पहिली म्हणून पहिली. तिच्याशेजारी दुसरं व्हायोलिन, ज्याला सगळे बडबड्या म्हणत. त्यानंतर धाकटी. आणि उजव्या टोकाला चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं थोराड वाद्य, घेऊन बसलेला ‘आजोबा’, वय विशीचं, पण चालणं-बोलणं पेन्शन घेतल्यासारखं. सर कोपऱ्यात उभे.

धाकटीने वाद्य खांद्यावर घेतलं. गज वर नेला. तिचे ओठ विलग झाले, छाती भरायला लागली. आणि ती अर्धी भरायच्या आत तिघे निघून गेले. धाकटीचा सूर मागून धावत आला, धापा टाकत, चुकलेल्या वासरासारखा.

पहिलीने गज खाली घेतला. “धाकटे, अगं इशारा दे ना!”

“दिला.”

“कधी दिलास?”

“टपालाने टाकला असेल,” बडबड्या म्हणाला. “पोचेल उद्यापर्यंत. परीक्षा झाली की मिळेल आपल्याला.”

“गप रे,” आजोबा म्हणाला. “धाकटे, तू मनाला लावून घेऊ नकोस. परत करू.”

परत केलं. परत तेच. या खेपेला बाईंनी धाकटीकडे नाही, त्या तिघांकडे पाहिलं. तिघेही धाकटीच्या खुर्चीकडे बघत होते. पण धाकटीकडे नव्हे. तिच्या डोक्याच्या वीतभर वर. साळुंकी उंच होती. तिचा चेहरा तिथे असायचा.

म्हणजे हे तिघे अजून तिच्या इशाऱ्यावर उठत होते. खुर्चीवर कुणी का बसेना, ते आठवणीतल्या श्वासाबरोबर निघत, आणि या पोरीचा श्वास छातीत अर्ध्यावर अडकून राही.

बाईंनी दार ढकललं.

सर इतके चकित झाले की कानावरची पेन्सिल खाली पडली. “बाई? तुम्ही? इथे?”

“मला ऐकायचंय,” बाई म्हणाल्या. “एकदाच. बसू?”

आजोबाने उठून कोपऱ्यातलं स्टूल आणलं आणि धाकटीच्या मागे, जरा बाजूला ठेवलं. खोलीत राळेचा आणि दमट लाकडाचा वास होता. पहिली खुर्चीत सावरून बसली. बडबड्याने कॉलर नीट केली. बाई इथल्या साऱ्यांच्याच बाई होत्या, आणि साळुंकीच्या तर आईहून आई. तिघांपैकी एकालाही त्यांच्या नजरेला नजर देववेना.

“वाजवा,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

कपड्यांची सळसळ थांबली. एक गज वर गेला, पाठोपाठ तीन. आणि त्या मुक्या खोलीत, जिथे तो वर्षभर आला नव्हता, तो श्वास आला. छोटासा. नाकातून. शेवटाला किंचित अडलेला.

चौघे उठले. एकदम. असे, की कुणाचा सूर कुठला हे सांगता येईना. एकच मोठं पाखरू पंख पसरून खोलीभर फिरलं. बाईंनी तो संथ भाग आजवर कितीदा ऐकला असेल. पण आज त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी लांबून चालत घरी यावं तशी येत होती, अंगणात थांबत होती, पाय धूत होती, आत येत होती. शेवटचा सूर विझला तरी कुणी गज खाली आणला नाही.

पहिलीने व्हायोलिन मांडीवर ठेवलं. “ऐकलंत?” ती म्हणाली. “ऐकलं ना सगळ्यांनी?”

बडबड्याच्या तोंडून शब्द फुटेना. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

“तीच,” आजोबा म्हणाला. त्याने चेलोच्या मानेवर कपाळ टेकलं होतं. “तीच होती. आज आली.”

सरांनी दोनदा घसा खाकरला. “मी असलं काही मानत नाही,” ते म्हणाले. “पण माझ्या हातावर बघा.” त्यांनी बाही वर केली. केस उभे होते. “मी पण ऐकलं. बाई, तुम्ही आलात म्हणून आली ती. उद्या परीक्षेला प्रेक्षकांत बसायला कुणाला मनाई नाही. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. अगदी जवळ. आता कुणाला बदलायचं नाही न् काही नाही. धाकटे, सुटलीस गं! जागा तुझी.”

पहिलीने येऊन बाईंच्या गळ्यात हात टाकले आणि ती रडली, पोटातून, वर्षभराचं. बाईही रडल्या. बडबड्या भिंतीकडे तोंड करून नाक ओढत राहिला. रडून झाल्यावर सगळ्यांचे चेहरे उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांसारखे हलके दिसू लागले. कुणीतरी हसलं. कुणीतरी साळुंकीची एक जुनी गोष्ट काढली, पेटीऐवजी शेजारणीची शिवणाची पेटी उचलून आणली होती तिने, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिचं नाव त्या खोलीत मोठ्याने घेतलं गेलं.

धाकटी आपल्या खुर्चीत बसून होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग ते निघाले. जिन्यावरून बडबड्याचा आवाज पुन्हा नेहमीसारखा ऐकू आला. सर दिवा कुठला मालवायचा ते सांगून गेले. बाई मात्र स्टुलावरच बसल्या. त्यांना उठवेना, मन कसं ओसंडून गेलं होतं.

“ऐकलंस ना तू?” त्या धाकटीला म्हणाल्या. “घाबरू नकोस हं. ती तुझ्या वाईटावर नाही. तुझ्या पाठीशी आहे ती. उद्याही येईल.”

धाकटी तारांवरची राळ फडक्याने पुसत होती. पुसून झालेली तारही ती पुसत राहिली. “बाई,” ती म्हणाली, “एकदा वाजवून दाखवू? नुसती सुरुवात.”

“दाखव की.”

“डोळे उघडे ठेवाल?”

बाईंना ते विचित्र वाटलं, पण त्यांनी मान हलवली. धाकटीने खुर्ची फिरवली आणि ती बाईंच्या अगदी समोर बसली. वाद्य खांद्यावर घेतलं. हनुवटी टेकली. ओठ घट्ट मिटले. डोळे बाईंच्या चेहऱ्यावर. गज वर गेला.

श्वास आला.

धाकटीने सूर लावलाच नाही. गज तारांच्या वर तसाच अधांतरी धरला. तिची छाती हलली नव्हती. ती बाईंकडे बघत होती. खिडकीकडे नाही, रिकाम्या जागेकडे नाही, डोक्याच्या वर नाही. बाईंच्या नाकपुड्यांना गार वारं लागलं होतं. छाती भरली होती, आणि तो भरलेला श्वास घशाशी किंचित अडून उभा होता, सुटायची वाट बघत.

त्यांचा हात आपसूक गळ्याशी गेला.

धाकटीने गज मांडीवर ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तिने पडू दिला नाही.

“तो साळुंकीताईचा नाही, बाई. तुमचा आहे. पहिल्या तासापासून ऐकतेय मी. आधी वाटलं, शिकवायची रीत असेल. मग तुम्ही त्या खुर्चीकडे बघून हसायला लागलात, आणि मग माझ्याच्याने बोलवेना. तुमच्याकडूनच उचलला असणार तिने तो. आज ते तिघे रडले, किती बरं वाटलं त्यांना, आणि मी कोण कालची आलेली, त्यांचं माणूस त्यांच्या हातून काढून घेणारी? पण तुमच्या खोलीत तुम्ही घेता, इथे ते तिचा आठवून निघतात, आणि माझा आतच राहतो. मला कधी काही सुरूच करता आलेलं नाही, बाई. उद्या तुम्ही येऊ नका. कदाचित मी चुकेन, कदाचित जागा जाईल. जाऊ दे. त्या तिघांना काय ते मी सांगते.”